पेपरातली नदी

सातवीच्या स्कॉलरशिपचा पेपर देऊन आलो की गुरुजी आम्हाला शाळेच्या पडवीत बसवून एकेक उत्तर ताडून बघायचे. ऐंशीच्या दशकातली, मालवणजवळच्या खाडीकाठची आमची शाळा. खरा निकाल त्या पडवीतच लागायचा. छापील निकाल मागाहून सावकाश यायचा.

त्या वर्षी गणितात एक होडी होती. होडीचा वेग ताशी चार किलोमीटर, प्रवाहाचा दोन. सहा किलोमीटर प्रवाहाबरोबर जाऊन परत यायला किती तास? मी चार लिहिलं होतं. होडीत बसलो की मला मळमळायचं, पण रीत पाठ होती. माझ्या शेजारच्या मुलीने दोन लिहिलं होतं. तिचे वडील होडीवर, आई मासे विकायची, आणि गणितात ती आम्हा सगळ्यांच्या पुढे.

"अगं, परतताना प्रवाह उलटा असतो ना?" गुरुजी म्हणाले. ते घाटावरचे.

"उलटो कित्याक येतलो, गुरुजी? ओहोटीवांगडा जावचा, भरतीवांगडा येवचा. मदी थांबूचा लागता, तो येळ धरूक नाय. तेवढ्यात मासे इकून होतत."

गुरुजी खाडीकडे बघत राहिले. पाणी तेव्हा आत चाललं होतं.

दोन गुणांनी तिची स्कॉलरशिप हुकली. मला मिळाली. गुणगौरव समारंभात पाहुण्यांनी आमच्याकडची मुलं पुण्याच्या मुलांच्या किती मागे आहेत ते सांगितलं, मग पुण्याची मुलं जपानच्या मुलांच्या किती मागे आहेत तेही सांगितलं, आणि नारळ घेऊन ते जीपमध्ये बसले.

तिच्या आईने आधीच बजावलं होतं: स्कॉलरशिप मिळाली तर आठवी, नाहीतर माशांची टोपली. गुरुजी तिच्या घरी गेले. मालवणी अजून अडायची म्हणून मला बरोबर घेतलं.

"माझ्या चेडवान चुकीचा लिवल्यान?" आईने मासे कापता कापता विचारलं.

"चूक असं नाही. पेपरात नदी होती. ती एकाच बाजूला वाहते."

"आणि पेपर काढल्यान कोणी?"

"पुण्याला काढतात."

"तरीच! ज्येंका भरती म्हायत नाय, ते माझ्या चेडवाक नापास करतत?" सुरी पाटावर आपटली. "जांव दे तेका आठवीत. बघतंय मी."

गुरुजींनी स्त्रीशिक्षणावर तयार करून आणलेलं भाषण तसंच परत नेलं.

हायस्कूल खाडीपलीकडे, समुद्राच्या बाजूला बरंच खाली. जूनपासून आम्ही दोघं एकाच, तिच्या वडिलांच्या होडीतून जायला लागलो. भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, शाळेची घंटा सरकत नाही. त्यामुळे काही दिवस होडी प्रवाहाविरुद्ध जायची आणि हजेरी चुकायची. अशा सकाळी मी होडीचा काठ घट्ट धरून, पोट सांभाळत बसलेला असायचो. ती दुसरं वल्हं हातात घ्यायची आणि मागे वळून म्हणायची, "आज तुझा गणित बरोबर आसा रे!"