गॅसच्या यंत्राची ओटी

माझी लेक वीज बनवते. हे मी लोकांपुढे कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

तिची कंपनी मूळची साबणाची. मग कापड आलं, लोखंड आलं. पुढे कंपनीने समुद्रातल्या तेलाच्या आणि गॅसच्या विहिरींत हिस्सा घेतला आणि खाडीपलीकडे गॅसवर चालणारं वीजकेंद्र बांधलं. माझा नवरा करंजा बंदरातल्या बोटींवर मासेमारी करायचा. विहिरीवरची ज्योत त्याने लांबूनच पाहिलेली, कारण बोटींना तिथे जवळ जायला बंदी. लेकीला त्या केंद्रात नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला, "साबनवाले वीज करनार? नुसता फेस येल." पण पेढे त्यानेच वाटले.

मग गॅस महागला आणि केंद्र बंद पडलं. लेकीला कंपनीने कळंबोलीच्या लोखंडाच्या गोदामात बसवलं. एवढी शिकलेली पोर सळयांच्या गाड्या उतरवून घेत होती. केंद्र विकणार, असंही कानावर येत होतं.

यंदा कंपनीच्या नव्या विहिरीतून गॅस येऊ लागला. केंद्रातलं गॅसवर वीज करणारं यंत्र सुरू करून बघायचं ठरलं. नीट चाललं तर केंद्र ठेवायचं, नाहीतर विकून टाकायचं. लेकीला गोदामातून परत बोलावून ते काम तिच्याकडे दिलं. आधी पूजा होती. ती म्हणाली, "आई, तू ये. होडीची करतेस तशी कर."

आमच्यात नवी होडी पाण्यात घालण्याआधी घरची बाई तिची ओटी भरते. मला चार माणसांत बोलायला लाज वाटते, तरी गेले. खण, तांदूळ, नारळ, निरांजन घेतलं. फाटकावरच्या रखवालदाराने पिशवीतली काडेपेटी काढून घेतली. म्हणाला, "मावशी, आत गॅस आहे. काडी ओढलीत तर तुम्ही आणि मी एकदमच वर."

दिव्याशिवाय ओवाळायचं कसं? वाऱ्यात निरांजन टिकलं नाही की सासूबाई कुंकवाच्या पाण्याने होडी ओवाळायच्या. मी तसंच केलं. मग होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधतात तसा खण यंत्राच्या तोंडाशी बांधायला गेले, तर लेक धावतच आली. तिथे नको, तिथून यंत्र हवा ओढतं, खण आत खेचला जाईल, म्हणाली. साहेब लोक हसले. तिने खण बाहेरच्या कठड्याला नेला आणि गाठ स्वतः मारली.

आम्हाला काचेमागे बसवलं. यंत्र घुरघुरलं आणि थांबलं. एका साहेबाने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मनात आलं, दिवा नव्हता म्हणूनच. लेकीने समोरच्या पडद्यावर काहीतरी तपासलं, फोनवरून कुणाला तरी एक झडप बघायला सांगितली, आणि म्हणाली, "पुन्हा घ्या."

या वेळी आवाज चढत गेला. पायाखालची फरशी थरथरली. मग आवाज एकसारखा झाला आणि तसाच राहिला. वयाने तिच्याहून मोठी माणसं ती काय सांगते याची वाट बघत उभी होती. तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. तिला काम होतं. मला तेच बघायचं होतं. बऱ्याच वेळाने मोठे साहेब म्हणाले, केंद्र ठेवायचं.

घरी आले तर नवरा दारात जाळं शिवत बसला होता. यंत्र लागलं, केंद्र ठेवणार, असं मी सांगितलं. त्याने हातातली सुई थांबवली.

"जेवली का ती?"

"नाय," मी म्हटलं. "कामावर हाय."