पुजलेला पाना

देवावर माझा राग नव्हता, पण त्याच्याकडे काही मागावं असंही मला कधी वाटलं नव्हतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात देवघर बायकोकडे आणि मोटारसायकल माझ्याकडे, अशी सरळ वाटणी होती. शाळेच्या प्रयोगशाळेत उभा जन्म गेल्यामुळे आपल्याला सगळं जमतं, हा माझा समज. गाडीला मिस्त्रीचा हात मी लागू दिला नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि अंगणात वर्तमानपत्र पसरून खोलायला बसायचं. एकदा ऑइलचा नट जास्त आवळून आटे घालवले. एकदा कार्ब्युरेटर जोडून झाल्यावर कागदावर एक स्प्रिंग शिल्लक राहिली. ती कुठली, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बायको पदर तोंडाला लावून हसायची आणि ते हसणं मला फार लागायचं. वरून मी दाखवत नसे, इतकंच.

त्या खंडेनवमीला सकाळीच मी मागचं चाक खोललं. ब्रेक चरचरत होता. ड्रम साफ केला, चाक परत बसवलं, आसाचा नट बोटांनी फिरवून लावला. पान्याने आवळायचा तेवढा राहिला होता. एवढ्यात बायको ताट घेऊन बाहेर आली. "झालं का न्हाई तुमचं? हत्यारं पूजेला न्यायची हायत." दोन तास झाले होते, हातभर ग्रीस लागलं होतं, आणि तिच्या ओठावर ते हसू यायच्या बेतात होतं. मी म्हणालो, "झालं की कवाच." तिने पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर सगळं पुसून नेलं आणि पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ते दसऱ्यालाच उचलायचं, ही आमच्याकडची रीत. गाडी कुठे आज बाहेर जायचीय, असं म्हणून मी आंघोळीला गेलो. झेंडूचा हार घातलेली गाडी मोठी ऐटीत उभी होती.

दुपारी मुरगूडहून फोन आला. सासूबाईंना सकाळपासून घाबरं होत होतं आणि त्या सारखं लेकीचं नाव घेत होत्या. बायकोचा चेहरा बघवेना. एसटीची वाट बघत बसायला तिला धीर नव्हता. मी गाडी काढली, आणि तेव्हा मला नट आठवला. विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. खाली वाकून मी बोटांनी पिळून बघितला, तो हलला नाही. बसलाय की घट्ट, अशी मनाची समजूत घातली. पाना मागितला असता तर आईच्या काळजीने तिने देवाची क्षमा मागून तो दिलाही असता. पण मग सकाळचं "झालं" गिळावं लागलं असतं. तेवढं मला जमलं नाही, आणि तिला मी त्याच चाकावर बसवलं.

कागल मागे पडल्यावर खालून कटकट आवाज यायला लागला. साखळी असेल म्हणून मी पुढे जात राहिलो. मागे बायको पुटपुटत जोतिबाचा धावा करत होती, तो आईसाठी. मला मात्र घाम फुटला होता. गाडी मागून किंचित वळवळायला लागली, तरी थांबायचं धाडस होईना, कारण थांबलो तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं. एका वाडीपाशी समोरून वैरणीचा भारा डोक्यावर घेतलेला एक माणूस येत होता. तो आमच्या चाकाकडे बघत राहिला आणि एकदम डोक्यावरचा भारा त्याने आमच्या पुढ्यात रस्त्यावर टाकला. "ओ पावणं! थांबवा गाडी, चाक निघालंय!" मी कशीबशी गाडी भाऱ्याला टेकवली. पुढे पन्नास पावलांवर उतार होता, त्याच्या तळाशी पूल, आणि पुलावरून ट्रक वर चढत होता. बायको उतरली आणि वाकून चाकाकडे बघायला लागली.

नट शेवटच्या आट्यावर होता. माझ्याकडे पाना नव्हता, तो देवापुढे होता. बायको रडायला लागली. "आई तिकडं आजारी, आनि हितं ह्ये. माझंच चुकलं, मीच हत्यारं उचलून न्हेली," असं त्या परक्या माणसाला सांगत राहिली. मी उभा होतो आणि गप्प होतो. तो म्हणाला, "न्हाय वैनी, खड्ड्यांनी हुतंय असं. तुमचा काय दोष न्हाय." त्याचं घर रस्त्याला लागूनच होतं. सोप्यात पाटावर खुरपी, कोयते आणि ट्रॅक्टरचे पाने मांडलेले, सगळ्यांवर हळदकुंकू. त्याने हात पुढे करताच त्याची म्हातारी आई ओरडली, "आरं, पुजलेलं हाय त्ये!" तो म्हणाला, "आये, ह्या वैनींची आई लई आजारी हाय. तिकडंच निघाल्यात." म्हातारी क्षणभर माझ्या बायकोकडे बघत राहिली. मग स्वतःच उठली, मोठा पाना उचलून कपाळाला लावला आणि लेकाच्या हातात दिला. "जा. पुन्यांदा पुजू की."

मुरगूडला पोचलो. लेकीचा हात हातात आल्यावर सासूबाईंनी डोळे उघडले आणि संध्याकाळी दोन घोट पेज घेतली. डॉक्टरांच्या औषधाचा गुण असेल, लेकीच्या हाताचा असेल, मी त्यात पडत नाही. त्या झोपल्यावर मी बायकोला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नटाचं ऱ्हाऊ दे. मला खोटं का सांगितलंसा?" मी म्हणालो, "तू हसशील म्हणून." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, मी कौतुकानं हसत हुते." इतक्या वर्षांच्या संसारात हे मला कधी कळलं नव्हतं.

दसऱ्याला परत येताना आम्ही सोनं द्यायला त्या घरी थांबलो. बायको म्हातारीजवळ बसली आणि मी त्या माणसाला बाजूला नेऊन खरं सांगितलं. तो ओशाळून हसला. "आवळतानाच कळलं हुतं मला, नट नुस्ता हातानं लावल्याला. पण वैनी रडाय लागल्यात, त्यात आनि तुम्हाला कुठं उघडं पाडू?"

कृपा म्हणजे काय, हे मला पोथीतून कळलं नसतं. माझी लाज झाकून त्याने चाक तेवढं घट्ट आवळलं होतं. तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान. "अवं पावणं, काय करताय!" म्हणत तो मागे सरकत होता, आणि मी त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोकं टेकवलं होतं.