डावा कौल

देवाने मला आयुष्यात पहिल्यांदा ‘नाही’ म्हटलं, ते माझ्या मुलीच्या बाबतीत. तोवर माझं आणि आमच्या गावच्या रवळनाथाचं चांगलं जमत होतं. मी स्वभावाने हट्टी. एकदा मनात घेतलं की तडीस नेल्याशिवाय स्वस्थ बसत नाही. देवावर श्रद्धाही तेवढीच. या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदतात अशी माझी समजूत होती, कारण हट्ट मी धरायचो आणि देव तो पुरवायचा. भांडायची वेळच आली नव्हती.

भांडुपला डोंगराच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. आई, मी, माझी बायको माधवी आणि मुलगा निहार. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो; मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कुठे कोणी अडकलं की मला फोन येतो. निहारच्या जन्माच्या वेळी माधवी मरणाच्या दारातून परत आली होती. पुन्हा तिला त्यातून जाऊ द्यायचं नाही, हे मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसूनच ठरवलं. पण दुसरं मूल हवं, ही इच्छा काही केल्या जाईना. निहार शाळेत जायला लागल्यावर आम्ही दत्तक मुलासाठी नाव नोंदवलं. चौकशा झाल्या, घर बघायला माणसं येऊन गेली, आणि मग नुसतीच वाट बघणं सुरू झालं. इतकी वर्षं गेली की शेजारीपाजारी विचारायचे थांबले.

एका सकाळी फोटो आला. एक वर्षाची मुलगी, कपाळावर केस आलेले, कॅमेऱ्याकडे जरा रागानेच बघणारी. नाव चैत्राली. माधवीने फोटो पाहिला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मला म्हणाली, “हीच रे.” होकार कळवायला थोडीच मुदत होती. मी तिथल्या तिथे कळवणार, एवढ्यात आईने हात धरला.

“देवाक इचारल्याबिगर घरात पोर येवचा नाय,” ती म्हणाली.

आई वाईट नव्हती. ती घाबरली होती. न विचारता केलं आणि उद्या निहारला काही झालं तर, हे तिच्या तोंडून आलं नाही, पण तिच्या डोळ्यांत ते होतं. आमच्याकडे लग्न असो, घर असो, मोठं काहीही असलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि आपलं म्हणणं देवापुढे मोठ्याने मांडतो. त्याला आम्ही गाऱ्हाणं म्हणतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझं घर, माझं लग्न, सगळं उजव्या कौलावर झालेलं. मग आताच कशाला भ्यायचं? मी गावी काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी काका देवळात गेले आणि तिथून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. आम्ही तिघं भांडुपच्या खोलीत फोन डब्याला टेकवून बसलो. निहार शाळेत होता.

गुरवांनी पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा महाराजा, तुझा लेकरू मुंबैक भांडुपाक रवता. तेका दुसऱ्याचा पोर आपल्या घरात घेवचा आसा. घेवचा काय नाय, ता तू उजवा-डावा करून सांग रे महाराजा.” देवळात जमलेले सगळे एका आवाजात “व्हय महाराजा” म्हणाले. आईही म्हणाली. मीही म्हणालो.

डावी पाकळी पडली.

काका कॅमेरा धरून नुसते उभे. माधवी उठून आत गेली आणि भांडी लावायला लागली, जी आधीच लावलेली होती. आई माझ्याकडे बघत नव्हती. मला देवाचा राग आला, हे मी लपवत नाही. मी माघार घेणारा माणूस नाही. मुलगी आणायची तर आणायची, एवढं माझं पक्कं होतं. पण ज्या देवाला जन्मभर विचारत आलो त्याचं पहिलं ‘नाही’ धुडकावून तिला उंबरठ्याच्या आत घ्यायचं, म्हणजे पुढे तिला ताप आला, निहार पडला, घरात काहीही झालं की आई त्या पाकळीकडे बोट दाखवणार. तिनेही नाही दाखवलं तरी माझं मन दाखवणार. लेकराने आल्या दिवसापासून हे ओझं का वाहायचं? आणि देवाचं ऐकलं तर ती रागीट डोळ्यांची मुलगी आमची होणारच नव्हती. दोन्हीकडून माझी वाट लागली होती.

तेवढ्यात फोनमधून एका बाईचा आवाज आला. ती देवळात कुठेतरी कडेला बसली असावी, आपल्या पाळीची वाट बघत. आम्हाला फक्त खांब आणि लुगड्याचा हिरवा काठ दिसत होता.

“गुरवानू, तुमी इचारलास काय ता बघा आधी,” ती म्हणत होती. “दुसऱ्याचा पोर घेव काय म्हणान इचारलास. देव कसो व्हय म्हणतलो? दुसऱ्याचा घेव नको, असाच सांगतलो तो. पोर तेंचा आसा काय, ता इचारा मा.”

देवळात जरा कुजबुज झाली. कोणीतरी हसलं. काका गुरवांकडे बघायला लागले. तोच प्रश्न त्याच दिवशी पुन्हा विचारायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. पण हा प्रश्न वेगळा होता. गुरव मान डोलावत म्हणाले, “बाय बोलता ता खरा आसा.” माधवी दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात ओलं फडकं तसंच होतं.

पाकळ्या पुन्हा लागल्या. “बा देवा महाराजा, ह्या लेकराचा चेडू, तेची लेक, घरापासून लांब ऱ्हवलाहा. ता तेका घराक हाडूचा आसा...” आणि तिथेच चित्र थिजलं. गुरवांचा हात वर उचललेला, तोंड उघडं, आवाज बंद. मी फोन हलवला, खिडकीपाशी नेला, पुन्हा लावला. लागेना.

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मी फोनवर एकच गोष्ट सांगतो, दार ढकलू नका, स्वस्थ उभे राहा. दार ढकलूनच माणसं अपघात करून घेतात. त्या दिवशी मीच अडकलो होतो आणि मीच दार ढकलत होतो. फोन खाली ठेवला. देव्हाऱ्यासमोर जाऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने गाऱ्हाणं घातलं. मला मालवणीतली ती लय येत नाही, आपल्या साध्या बोलीतच म्हणालो. “महाराजा, आता मी विचारत नाही, सांगतोय. ती आमची आहे. मी तिला आणणार. तुझी पाकळी कुठेही पडो, त्याचं ओझं तिच्यावर नको, माझ्यावर टाक. पुढचं तू बघ.” मागून आवाज आला, “व्हय महाराजा.” मी वळून पाहिलं. आई होती. तिने हात जोडले होते आणि ती रडत होती.

माझं मन इतकं हलकं झालं की पाकळीचं काय झालं हे विचारायचंही मी विसरलो. काकांचा फोन नंतर आपणहून आला. “उजवी रे. गुरवान हात काढल्यान आणि पडली. तुमका दिसला नाय?” म्हणजे आम्ही इथे फोन घेऊन खिडकीपाशी धावत होतो तेव्हा होकार कधीचाच देऊन झाला होता. ती बाई कोण, हे मी काकांना विचारलं. त्यांनी देवळात शोधलं, पण ती निघून गेली होती. कुणी म्हणालं शेजारच्या वाडीतली, कुणी म्हणालं मुंबईहून आलेली पाहुणी. मी त्यावर फार डोकं चालवलेलं नाही. तिला माझा नमस्कार पोचावा, एवढंच वाटतं.

चैत्रालीला आणायला आम्ही दोघं गेलो. परतताना ती गाडीत सारखी रडत होती. माधवीकडे राहीना, माझ्याकडे राहीना. रिक्षा आमच्या पायऱ्यांपर्यंतच येते. तिथून तिला कडेवर घेऊन चढलो तेव्हा ती माझ्या खांद्यावर मुठी आपटत होती. निहार सर्वांत वरच्या पायरीवर उभा होता आणि अख्ख्या वस्तीला ओरडून सांगत होता की आली. दारात आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन थांबली होती. तिने तुकडा ओवाळला, बाहेर टाकला, मुलीच्या डोळ्यांना पाण्याचं बोट लावलं. मुलगी आणखीच भेदरून रडली. मग आईने तांब्या खाली ठेवला आणि तिला माझ्याकडून ओढूनच घेतलं.

मी हट्ट सोडलेला नाही. तो सुटणारा नाही. पण त्या दिवसापासून मी एवढं शिकलो की हट्ट आपला असावा आणि भीती देवाच्या हवाली करावी. दोन्ही आपणच कवटाळून बसलो की घरात लेकरासाठी मोकळा हात उरत नाही. रवळनाथाने मला नाही म्हटलं त्याबद्दल मी आज त्याचा ऋणी आहे. पहिल्याच फटक्यात होकार आला असता, तर आईने मुलीला नुसती आत घेतली असती. त्या दुपारी मात्र ती उंबरठ्यात उभी होती, चैत्रालीच्या पाठीवर थोपटत होती, आणि वर्षाच्या त्या पोरीला चांगलीच रागावत होती.

“कितकी वाट बघूक लावलंस गो. इतको उशीर करतत?”