डच चॅम्पियन आणि बाबांचे आढेवेढे

माणूस किती आढेवेढे घेऊ शकतो हे ज्याला बघायचं असेल त्याने लॉकडाउन आमच्या घरी काढायला हवा होता. माझे सासरे, म्हणजे बाबा, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ऑस्ट्रेलियात, स्कोफिल्ड्सला आले आणि विमानंच बंद झाली. दीड वर्ष उलटलं तरी ते इथेच. मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून दिवसभर मीटिंगमध्ये, आणि पाठीमागे बाबांचे सुस्कारे.

कुंपणापलीकडे एक डच आजी एकटी राहायची. पंचाहत्तरीची, पण काटक. तरुणपणी ती हॉलंडची टेबल टेनिस चॅम्पियन होती, तीही ओळीने काही वर्षं. हे तिने मला कचऱ्याचे डबे बाहेर काढताना सांगितलं, जणू भाजी काय केली ते सांगतेय! वडिलांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये दोन पिंपांवर जुनं दार आडवं टाकून ती खेळायला शिकली. पुढे दिवसा बल्बच्या कारखान्यात नोकरी, संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस. मग लग्न झालं आणि नवऱ्याने ऑस्ट्रेलियाच्या बोटीची तिकिटं काढली. निवड समितीने विचारलं, वर्ल्ड चॅम्पियनशिपपर्यंत थांबतेस का? ती नाही म्हणाली. "मग काय, संपलं," असं म्हणून तिने डबा रस्त्याकडे ढकलला.

तिच्या गॅरेजमध्ये अजूनही टेबल टेनिसचं टेबल होतं. त्याची एक बाजू उभी करून ती रोज सकाळी त्या फळीशीच खेळायची. टक-टक, टक-टक. बाबा त्यांच्या काळात बँकेच्या स्पर्धा जिंकलेले. ते आमच्या यार्डात खुर्ची टाकून कान लावून बसायचे. "हा बॅकहँड होता. आता स्पिन देतेय बघ," असं मला खिडकीतून ओरडून सांगायचे. इकडे स्क्रीनवर माझा बॉस, बरं का!

एकदा तिने स्वतःहून त्यांना विचारलं. दोघांनी उघड्यावर व्यायाम करायला तेव्हा परवानगी होती, म्हणून तिने टेबल ओढत ड्राइव्हवेवर आणलंही होतं. "खेळणार का?" बाबांचा चेहरा उजळलेला मी या डोळ्यांनी पाहिला. आणि तोंडातून काय निघावं? "नो, नो. यू प्ले. मी आता आउट ऑफ प्रॅक्टिस."

"ओके," ती म्हणाली, आणि तिने फळी उभी केली.

झालं! बाबा तोंड फुगवून घरात. "पुन्हा एकदा विचारायची काही पद्धत?"

"बाबा, तुम्हीच नाही म्हणालात."

"अगं, पहिल्यांदा नाहीच म्हणतात."

"मग आता जाऊन सांगा, खेळायचंय म्हणून."

"आपण होऊन? भलतंच काय!"

कर्म माझं. त्यानंतर कित्येक महिने तेच. ती तिकडे फळीशी खेळतेय, हे इकडे खुर्चीत बसून ऐकतायत, आणि मध्ये एवढंसं कुंपण. मला त्या टक-टकीचा वीट आला होता.

मग एक दिवस ती म्हणाली, घर विकलंय. मुलगा पार पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला खाणीत इंजिनिअर, त्याच्याकडे कायमची चाललेय. राज्याची बॉर्डर ओलांडायची परवानगी एकदाची मिळाली होती. शनिवारी निघणार होती. मी बाबांना जेवताना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "आणि टेबल?" एवढंच त्यांनी विचारलं. ते दुसऱ्या कुणीतरी घेतलं होतं. बाबा न जेवताच उठले.

आता मात्र हद्द झाली. मी मास्क चढवला आणि तणतणत तिच्या दारात गेले. "त्यांना खेळायचं होतं! दुसऱ्यांदा का नाही विचारलंस?"

"पण तो नाही म्हणाला होता. मोठ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही?"

"नाही! आमच्याकडे नाही ठेवायचा! निदान तीनदा विचारायचं!"

"किती वेळ वाया जातो तुमचा," ती म्हणाली.

पण शुक्रवारी सकाळी आली बिचारी कुंपणाशी. "खेळणार का?"

"नको, नको, तुमचं पॅकिंग असेल..."

मी लॅपटॉप धाडकन मिटला.

"खेळणार का?"

"म्हणजे, गुडघा जरा..."

"खेळणार का?"

"आता एवढा आग्रहच करताय तर," म्हणून बाबा उठले. पायात कॅनव्हासचे बूट, नाड्यासुद्धा बांधलेल्या. सकाळपासून घालून बसले होते हो!

तिने त्यांना धू धू धुतलं. पाहुणा म्हणून एक पॉइंटसुद्धा सोडला नाही. बाबा घामाघूम, आणि इतके खूश की विचारू नका. "वन मोर?" ते म्हणाले.

"नो." तिने बॅट खाली ठेवली. टेबल न्यायला माणसं येणार होती.

"बाबा, चला. ती नाही म्हणतेय," मी म्हटलं. पण ऐकतील तर शपथ!

"प्लीज. लास्ट."

"नो."

"ओन्ली वन!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माझ्याकडे वळली. "तुमच्याकडे खरंच असं विचारतात? नाही म्हटल्यावरही?"

"विचारतातच," मी वैतागून म्हणाले. "तीन-तीनदा."

तिने खाली ठेवलेल्या बॅटच्या रबरावरून अंगठा फिरवला.

"निवड समितीने मला एकदाच विचारलं होतं," ती म्हणाली, आणि तिने बॉल उचलला.