येसनाकाची पाटी

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या पुंजारामचं डोकं हल्ली एकाच गोष्टीवरून तापत होतं. मुलानं, राकेशनं, नाशिकरोडला घर बांधलं आणि दारावरच्या ग्रॅनाइटच्या पाटीवर 'राकेश व्हिला' कोरायचं ठरवलं. पुंजारामला तिथं 'येसनाक निवास' हवं होतं. येसनाक त्याचा पणजोबा, सायखेड्याचा. त्या काळी महारवाड्यातल्या पुरुषांच्या नावाला शेवटी 'नाक' लागायचं आणि ते कानावर पडलं की समोरचा अंग चोरून बाजूला व्हायचा.

या 'नाक'चा पुंजारामनं पिच्छाच पुरवला होता. कारखान्यात शेजारच्या मशीनवर कारवारचा एक नायक आडनावाचा माणूस होता, त्याच्याशी बोलता बोलता हे वेड लागलं. 'नाक' म्हणजे नायक, असं काही अभ्यासक म्हणतात; काही प्राचीन नाग लोकांकडे बोट दाखवतात. पुंजारामनं नायक धरला तो धरलाच. कानडीत नायक, तमिळमध्ये नायक्कर, आणि श्रीलंकेत तर आडनावांच्या शेवटी 'नायके'.

"तिकडं लोक मानानं मिरवतात, आन आपण कापून टाकलं!" हे त्यानं व्याह्याला ऐकवलं, रिक्षावाल्याला ऐकवलं, गवंड्यालाही सोडलं नाही. लोक मान डोलवायचे आणि हळूच चहाचा विषय काढायचे. पुंजाराम नुसता चरफडायचा.

पाटी कोरणारा संतोष मापं घ्यायला आला आणि त्याच्यासमोरच बापलेकांची जुंपली.

"लोक अर्थ विचारतील, बाबा."

"विचारू दे की! सांगीन मी."

"तुम्ही सांगाल. पण शाळेतून येताना माझ्या संजनाला विचारतील. तिनं या वयात कुणाकुणाला समजवायचं?"

"तुला लाज वाटते, म्हणून पोरीला पुढं करतो!"

राकेश म्हणाला, "मग आजोबांनी तुमचं नाव पुंजानाक का नाही ठेवलं? शेवटी राम का लावला?"

उत्तर पुंजारामच्या ओठावर होतं. बाप अडाणी, त्याला काय कळत होतं! आयुष्यभर त्यानं हेच सांगितलं होतं. पण तेवढ्यात शाळेत नाव घालायला नेताना बापानं वाटभर घोकून घेतलेलं त्याला आठवलं. "पुंजाराम म्हण. पुरतं म्हण." घरात तर सगळे नुसतं पुंजाच म्हणायचे. राम होता तो मास्तरासाठी. पोराला इतरांबरोबर बसू द्यावं, म्हणून बापानं समजून उमजून स्वतःच्या आजोबाची खूण पुसली होती.

पुंजारामला बापाचा राग आला, मुलाचाही आला. आणि दोघांवर ही पाळी आणणाऱ्यांचा तर सगळ्यात जास्त आला. पण ते तिथं कुणीच नव्हते. समोर फक्त टेप घेऊन उभा असलेला संतोष होता.

"काका, काय कोरू मग?"

"तो म्हणतो ते कोर," पुंजाराम म्हणाला. "खाली माझं नाव घाल. नुसतं पुंजा. राम शाळेपुरता होता."