जोडाक्षरांपुरत्या गोवऱ्या

माझ्या आत्याइतक्या वाईट गोवऱ्या थापणारी बाई साऱ्या पंचक्रोशीत नव्हती आणि पुढेही कधी झाली असेल असं मला वाटत नाही. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, मी तिथे कारकुनीला लागलो होतो आणि चिंचवडला आत्याकडे राहत होतो. आत्या लवकर विधवा झालेली, मराठी सातवी पास आणि एका खुळानं पुरती पछाडलेली. आसपासच्या गावांतल्या ज्या मोठ्या मुली शाळेत जात नव्हत्या, त्यांना लिहा-वाचायला शिकवायचं. "पोरी शाळेत येत नाहीत म्हणून रडता कशाला? शाळेनं उठून जावं की त्यांच्याकडे! तिला कुणी धरून ठेवलंय?" असं ती भल्याभल्यांना ऐकवायची.

खडू कायम कनवटीला, पण पाटी हटकून घरी विसरायची. मग समोर येईल त्यावर लिहायची. एकदा नदीकाठी म्हशी राखणाऱ्या मुलीला तिनं म्हशीच्याच पाठीवर 'कमळ' लिहून दाखवलं. संध्याकाळी म्हैस तशीच घरी गेली. मालकाला वाटलं, ही कोंडवाड्याची खूण. म्हशीनं कुणाचं पीक खाल्लं हे विचारायला तो बिचारा धोतर सावरत चावडीवर धावला. आत्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की चावडीवर कुणाला ते वाचता आलं का!

मुलींना वेळ नसतो, हे तिला कबूल होतं. त्यावर तिचा उपाय असा, की मुलीनं वाचावं आणि तोवर तिचं काम आत्यानं करावं. पण कामाच्या नावानं सगळा आनंदच होता. तिनं घासलेल्या भांड्यांची काजळी जायची नाही, तिनं राखलेल्या शेळ्या परक्याच्या मेथीत सापडायच्या, आणि गोवऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

पिंपळे सौदागरची शेवंता तिची फार लाडकी. चौदा वर्षांच्या त्या पोरीचं लग्न वाकडला ठरलं होतं. लग्नाच्या स्वयंपाकाला जळण हवं, म्हणून वाळलेल्या गोवऱ्यांचा हुडवा रचून झाला की बार उडवायचा, असं बापानं सांगून टाकलं होतं. इकडे शेवंता जोडाक्षरांशी अडलेली. "आत्या, तितं मला कोन शिकवनार?" म्हणायची आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायची. ती वाचायची, आत्या थापायची, आणि आत्याच्या गोवऱ्या वाळायच्या आतच भिंतीवरून खाली पडायच्या. हुडवा काही वाढेना.

एका रविवारी मी निव्वळ कुतूहलानं आत्याबरोबर गेलो होतो, तेव्हा शेवंताची आई अचानक परसात आली. पडलेल्या गोवऱ्या, कोपरापर्यंत माखलेली आत्या, पुस्तक धरलेली लेक, सगळं तिनं आळीपाळीनं पाहिलं. आता संपलं, असं मला वाटलं.

"बाई, ह्याला गोवऱ्या म्हनत्यात व्हय?"

"हात बसेल हळूहळू," आत्या ओशाळून म्हणाली.

आई लेकीकडे वळली. "किती ऱ्हायलंय गं?"

"जोडाक्षरं, आये."

त्या माउलीनं पडलेली एक गोवरी पायानं बाजूला सारली. मग आत्याला म्हणाली, "हात बसवू नगा. अशाच थापा."

एवढ्यावर न थांबता ती शेजारणींना उसन्या गोवऱ्याही देऊ लागली. पण बाप काही दूधखुळा नव्हता. त्यानं गाडीभर लाकडं आणून टाकली आणि लग्न उरकलं. थोडी जोडाक्षरं राहिलीच.

लग्नानंतर आठवडाभरात आत्या खडू घेऊन पायी वाकडला गेली आणि सवयीप्रमाणे थेट परसात शिरून शेणाला हात घालणार, तोच शेवंताच्या सासूनं तिला अडवलं. "पाव्हन्या बाईनं शेनात हात घालायचा अस्तो व्हय? लोक काय म्हनतील आमाला?" असं म्हणत तिनं आत्याला मोठ्या मानानं ओसरीवर बसवलं, घोंगडी अंथरली, चहा दिला. काम शेवंताच करत राहिली. दोघींची दारातून नुसती नजरानजर झाली.

आत्या स्वच्छ हातांनी घरी आली आणि न जेवता झोपली. शेवंताला पुढे कुणी शिकवलं का, याचा मी नंतर पुष्कळदा विचार केला. वाकडला जाऊन विचारायचा धीर मात्र आम्हां दोघांनाही झाला नाही.