मार्गासनीचं खारं पाणी आणि चाळीस पावलं

धाकट्या नणंदेचा, सुमनताईंचा, फोन आला तेव्हा मी घरच्या फिल्टरचं पाणी मोजत होते. पेनाएवढं यंत्र, पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवतं. बोलता बोलता मी ते सांगून बसले. "मग ते घिऊन हिकडंच या, वैनी," त्या म्हणाल्या. मी तज्ज्ञ नाही, हे मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला हवं होतं.

स्वारगेटहून भोरची एसटी, उतरायचं नसरापूरला. तिथंच मिसळ खाऊन घ्या. पुढं वेल्ह्याच्या रस्त्याला शेअर रिक्षा मिळते. सहावा माणूस बसल्यावर मला वाटलं भरली, निघाली नवव्यानंतर. पर्समधलं यंत्र बघून शेजारच्या आजींनी हात पुढं केला. त्यांना ताप बघून हवा होता.

मार्गासनीला सुमनताई थेट शेतातच घेऊन गेल्या. वरच्या अंगाला ऊस माझ्यापेक्षा उंच, खालच्या अंगाला गुडघ्याएवढा आणि पिवळा. सऱ्यांवर पांढरी पापडी. वर्षानुवर्षं पाणी सढळ हातानं दिलं, त्यामुळे जमिनीखालचं पाणी वर चढलं. ऊन ते ओढून घेतं आणि मीठ मागं ठेवतं. मीठ धुऊन काढायला ताईंनी आणखी पाणी सोडलं, तर पापडी वाढली. शेवटी रानाखाली भोकांचे पाईप टाकले. खारं पाणी त्यातून झिरपत बांधाजवळच्या खड्ड्यात येतं.

खड्ड्यापासून ओढा चाळीस पावलं. ती चाळीस पावलं शेजारच्या दत्तूभाऊंच्या पडीतून, म्हणजे न पेरलेल्या तुकड्यातून, जातात आणि दत्तूभाऊ नको म्हणत होते. खड्डा तुडुंब, पाईप बुडालेले. असंच राहिलं तर निम्मं रान पडीक टाकावं लागणार होतं.

दत्तूभाऊ बांधावर आले. मला वहिनी म्हणून नमस्कार केला, ताईंकडे बघितलंही नाही. मी यंत्र काढलं. विहिरीचं पाणी बादलीतच मोजलं, चारशेच्या आत भरलं. खड्ड्यातलं ग्लासात घेतलं, तीन हजारांवर. पाहता पाहता आणखी पाचसहाजण आले. कुणी हापशाचं पाणी आणलं, कुणी लिंबू सरबत. एकानं आमटी आणली. ती मी नाकारली.

"एवढं मीठ माज्या पडीत?" दत्तूभाऊ म्हणाले. ताईंनी मला विचारलं, मी नेमकी कुणाकडून आले होते.

तेवढ्यात माझं लक्ष हातातल्या ग्लासाकडे गेलं. याच ग्लासातून मी आल्या आल्या मीठ घातलेलं ताक प्याले होते आणि नंतर तो विसळलाच नव्हता. गप्प बसावं असं क्षणभर वाटलं, हेही लिहायला हवं. मग सगळ्यांसमोर सांगितलं. ग्लास धुऊन पुन्हा मोजलं: दोन हजार.

"म्हंजी मगाशी हजार ताकाचं व्हतं?" दत्तूभाऊंनी विचारलं. बांधावर हशा पिकला. आमटीवाला सगळ्यात मोठ्यानं हसला.

हसणं ओसरल्यावर दत्तूभाऊंनी मला सरळच विचारलं, पाणी त्यांच्या पडीत मुरलं तर काय होईल. मी खरं ते सांगितलं: उघडा चर काढला तर तिथंही पापडी येईल, बिनभोकांचा बंद पाईप टाकला तर येणार नाही. ओढ्याच्या खालच्या लोकांचं काय, हे मात्र मला सांगता येईना.

त्यांनी ओढ्याकडे बघितलं. "ओढा भरून वाहील तवाच सोडायचं," ते म्हणाले. "आन् पायपाचं बूच माज्या हातात ऱ्हाईल."

ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. स्वतःच्या रानाचं बूच, आणि ते दत्तूभाऊंच्या हातात! पण नजर पिवळ्या उसावर गेली आणि त्यांनी मान हलवली. परतीच्या एसटीची वेळ झाली तरी कुणी मला चहाशिवाय सोडेना.

घरी आल्यावर त्या खालच्या लोकांचा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही. भरल्या ओढ्यात मीठ पातळ होतं, नाहीसं होत नाही. दत्तूभाऊंना ते माझ्याआधी सुचलं होतं.

श्रावणात ताईंचा फोन आला. बंद पाईप टाकून झालाय, ओढा भरलाय, भाऊंनी बूच काढलं, दोघं शेजारी उभे राहून पाणी जाताना बघत होते. रान गोडं व्हायला किती दिवस लागतील, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दिवस नाही, काही वर्षं.

"म्हंजी तवर त्यांच्याशी नीट बोलावं लागनार."